सुधारणा, विहित नमुन्यात

उच्च शिक्षणात सुधारणा व्हायला हवी, याबद्दल आपल्या देशात मतभेद असे कधी नव्हतेच. स्टाफरूमच्या चहात साखर किती असावी यावर दोन प्राध्यापकांचं जमत नाही. पण ‘ही शिक्षणपद्धती मुळापासून बदलली पाहिजे’ असं कुणी म्हटलं, की कुलगुरूंपासून कँटीनवाल्यापर्यंत सगळे माना डोलावतात. हे एकमत आजकालचं नाही, चांगलं दीडशे वर्षांहून जुनं आहे. मी एका तालुक्याच्या गावातल्या अनुदानित महाविद्यालयात इतिहास शिकवतो. निदान वेळापत्रकात तसं लिहिलेलं आहे. त्यामुळे लढायांच्या सनावळ्या एक वेळ चुकतील, पण सुधारणांच्या चुकत नाहीत.

१८५४ साली वुडचा खलिता आला. त्यातून १८५७ मध्ये मुंबई, कलकत्ता आणि मद्रास ही तीन विद्यापीठं निघाली. त्याच वर्षी उत्तरेत बंड पेटलं होतं आणि इकडे विद्यापीठांचे कायदे मंजूर होत होते. कोणतं काम आधी करावं याबाबतचा सरकारी गोंधळ तेव्हापासूनचा आहे. विद्यापीठ पंचविशीत पोचतं न पोचतं तोच, १८८२ मध्ये हंटर आयोग आला. त्याच्यापुढे जोतीराव फुल्यांनी लेखी सांगितलं, की कर भरतो शेतकरी आणि सरकार पैसा घालतं वरच्या वर्गाच्या उच्च शिक्षणावर. शेतकऱ्याच्या पोराला साधी शाळाही धड मिळत नाही. आयोगाने निवेदन नोंदवून घेतलं. नोंदवून घेण्याची ही परंपरा पुढच्या एकाही आयोगाने मोडली नाही.

कर्झनसाहेबांनी १९०२ मध्ये आयोग नेमला आणि १९०४ मध्ये कायदा करून टाकला. १९१७ मध्ये सॅडलर आपला आयोग घेऊन आले. स्वातंत्र्य मिळाल्यावर शिक्षणासाठी पहिला आयोग नेमला तो विद्यापीठांसाठीच, १९४८ साली, अध्यक्ष सर्वपल्ली राधाकृष्णन. मग १९६४ चा कोठारी आयोग, १९६८ चं धोरण, १९८६ चं धोरण, २००९ चा यशपाल समितीचा अहवाल आणि २०२० चं नवं धोरण. एवढ्या सलगपणे या देशात दुसरं काहीही झालेलं नाही. धरणं रखडली, रेल्वेमार्ग रखडले; सुधारणेची शिफारस मात्र कधी रखडली नाही.

यातली मला सगळ्यात आवडणारी शिफारस म्हणजे ६ टक्क्यांची. राष्ट्रीय उत्पन्नाचे ६ टक्के शिक्षणावर खर्च व्हावेत, असं कोठारी आयोगाने १९६६ मध्ये म्हटलं. १९६८ च्या धोरणाने ते मानलं. १९८६ च्या धोरणाने ते पुन्हा मानलं. २०२० च्या धोरणाने आणखी एकदा मानलं. आता हा आकडा इतका मुरला आहे, की चुकून कुणी खरोखरच तेवढे पैसे खर्च केले तर पुढच्या धोरणात लिहायचं काय, असा पेच पडेल.

तरीही सुधारणा झालीच नाही असं म्हणणं अन्यायाचं होईल. सुधारणा झाली, भरपूर झाली, पण ती कागदात झाली. दिल्लीहून निघालेली कोणतीही सुधारणा आमच्या गेटातून आत आली, की आधी ऑफिसात जाते. तिथे तिचा प्रोफॉर्मा होतो. प्रोफॉर्मा स्टाफरूममध्ये येतो, भरला जातो, सही-शिक्क्यानिशी परत ऑफिसात जातो आणि तिथून विद्यापीठात. वर्गखोल्या मैदानाच्या पलीकडे आहेत. इतकं ऊन तुडवत तिकडे गेलेली सुधारणा मी अजून पाहिलेली नाही.

याचं मूळ जन्मातच आहे. मुंबई विद्यापीठ स्थापन झालं ते लंडन विद्यापीठाच्या धर्तीवर आणि तेव्हाचं लंडन विद्यापीठ परीक्षा घेत असे, शिकवत नसे. शिकवायचं कॉलेजांनी, विद्यापीठाने फक्त प्रश्नपत्रिका काढायची, पेपर तपासायचे आणि पदवी द्यायची. विद्यापीठांनी स्वतः शिकवावंही, हे कायद्यात यायला १९०४ उजाडावं लागलं. परीक्षा विभाग आधी जन्मला आणि शिक्षण नंतर, त्यामुळे घरात वडीलकीचा मान कुणाला, हे तेव्हाच ठरलं. आजही विद्यापीठाच्या आवारात कुठल्याही माणसाला थांबवून ‘परीक्षा विभाग कुठे?’ विचारा, तो न बघता बोट दाखवील. ‘तत्त्वज्ञान विभाग कुठे?’ विचारा, तो आधी तुमच्याकडे बघेल.

तरी त्या नुसत्या परीक्षा घेणाऱ्या विद्यापीठाचा पहिला बी.ए.चा निकाल बघा. १८६२ साली चार जण पदवीधर झाले आणि त्यांत महादेव गोविंद रानडे आणि रामकृष्ण गोपाळ भांडारकर होते. चारांत दोन! ही टक्केवारी त्यानंतर कुठल्याही विद्यापीठाला गाठता आलेली नाही आणि गंमत म्हणजे तेव्हा ती भरायला रकानाही नव्हता.

त्याच विद्यापीठाने २०१७ साली, वयाच्या साठाव्या नव्हे तर एकशे साठाव्या वर्षी, सुधारायचं मनावर घेतलं. उत्तरपत्रिका स्कॅन करून संगणकाच्या पडद्यावर तपासायच्या, असं ठरलं. कल्पना चांगलीच होती. फक्त लाखो उत्तरपत्रिका स्कॅन व्हायच्या होत्या, तपासनिसांना शिकवायचं होतं आणि परीक्षा आधीच होऊन गेल्या होत्या. निकाल लांबले. कुलपतींनी दिलेली ३१ जुलैची मुदत उलटली. परदेशात प्रवेश मिळालेली मुलं निकालासाठी रांगा लावून बसली. शेवटी ऑक्टोबरात कुलगुरूंनाच पदावरून जावं लागलं. सुधारणेच्या इतिहासात प्रथमच सुधारणा जागेवर राहिली आणि सुधारक गेले.

परीक्षेनंतर कागदाचं दुसरं मोठं कूळ म्हणजे नॅक. ही संस्था १९९४ ची, मुक्काम बंगळुरू. महाविद्यालयांचं मूल्यमापन व्हावं, त्यांना आपले गुणदोष कळावेत, हा हेतू इतका चांगला आहे की त्याविरुद्ध बोलणारा माणूस संशयास्पद ठरतो. म्हणून आम्ही कुणी बोलत नाही, आम्ही माहिती भरतो. सात क्रायटेरिया आहेत आणि प्रत्येकाला एक कोऑर्डिनेटर आहे. पूर्वी नवा माणूस भेटला की ‘तुमचं गाव कोणतं?’ विचारायचे, आता ‘तुम्ही कोणत्या क्रायटेरियनला?’ असं विचारतात. दुसऱ्या क्रायटेरियनचे लोक, म्हणजे अध्यापन आणि मूल्यमापनवाले, सगळ्यांत केविलवाणे दिसतात. त्यांना शिकवल्याचे पुरावे गोळा करायचे असतात आणि त्यासाठी शिकवणं थांबवावं लागतं.

नॅकला प्रत्येक कार्यक्रमाचा जिओटॅग फोटो लागतो. म्हणजे छायाचित्राखाली अक्षांश, रेखांश, तारीख, वेळ आणि पत्ता आपोआप उमटला पाहिजे. या एका नियमाने आमच्या संस्थेतली सगळी उतरंड बदलली. ते विशिष्ट ॲप नीट चालवता येतं ते आमच्या शिपाईमामांनाच. त्यामुळे आता पाहुणे आले तरी प्राचार्य आधी विचारतात, “मामा आलेत का?” मामा चार्जिंगला लावलेला फोन काढून येतात, मग दीपप्रज्वलन होतं. पाहुण्यांनी काय सांगितलं, ते कुणाला पटलं का, कुणी काही विचारलं का, याला कुठेही रकाना नाही. पण ते कोणत्या अक्षांशावर उभे राहून बोलले, हे कायमचं नोंदलेलं आहे.

मध्यंतरी व्यसनमुक्तीवर व्याख्यान ठेवलं होतं. वक्ते चांगले बोलले, दोन मुलांनी खिशातल्या पुड्या काढून टेबलावर ठेवल्या. असं कधी होत नाही, पण झालं. संध्याकाळी फोटो उघडून बघतो तर खाली पत्ता आलेला, कुंपणापलीकडच्या परमिट रूमचा. कोऑर्डिनेटर मॅडमच्या डोळ्यांत पाणी आलं. पुरावा म्हणून तो फोटो जाऊच शकत नव्हता. अखेर आठवड्याने व्याख्यान पुन्हा घेतलं, या वेळी मैदानाच्या दुसऱ्या टोकाला. वक्त्यांना तेच भाषण पुन्हा करावं लागलं, पण त्या दोन मुलांकडे काढून ठेवायला आता काही उरलं नव्हतं. फोटो मात्र उत्तम आला.

सातव्या क्रायटेरियनमध्ये संस्थेच्या ‘बेस्ट प्रॅक्टिसेस’ लिहायच्या असतात आणि त्या दोन लागतात. आमची समिती यासाठी दुपारभर बसली. एवढ्या मोठ्या संस्थेत चांगल्या सवयी दोनच का, असं मी विचारलं, तर सगळ्यांनी माझ्याकडे अशा नजरेने पाहिलं, की दोन तरी कुठून काढायच्या हाच प्रश्न चालला होता, हे कळलं. कुणीतरी म्हणालं, आपली लायब्ररी संध्याकाळी साडेसातपर्यंत उघडी असते, गावातल्या स्पर्धा परीक्षावाल्या पोरांनाही बसू देतात. ही खरंच चांगली सवय आहे आणि ती ग्रंथपालांनी कुणालाही न विचारता बारा-पंधरा वर्षं चालवली आहे. पण तिचं परिपत्रक नव्हतं, ठराव नव्हता, फोटोही नव्हता. समितीने ती बाजूला ठेवली आणि ‘पेपरलेस कार्यालय’ ही सवय निवडली. तिचे पुरावे तीन फायलींत बसले.

मग ‘आउटकम’ आलं. प्रत्येक पाठ शिकून विद्यार्थ्याला काय येईल हे आधी लिहायचं आणि ते पदवीच्या एकूण उद्दिष्टांशी कितपत जुळतं त्याला १, २ किंवा ३ असा अंक द्यायचा. माझ्या अभ्यासक्रमात पानिपतची तिसरी लढाई आहे. रणांगणावरचं नेतृत्व, रसद, मित्र जोडण्यातलं अपयश, सगळंच त्यात येतं, म्हणून मी मोकळ्या हाताने सगळीकडे ३ टाकले. कोऑर्डिनेटर मॅडम म्हणाल्या, “सर, सगळीकडे तीन दिसले तर डेटा मॅनिप्युलेटेड वाटतो. एखादा दोन करा ना.” मी सदाशिवरावभाऊंचा एक गुण कापला. अडीचशे वर्षांनी का होईना, पानिपतात आणखी थोडं नुकसान झालं.

हे सगळं करून श्रेणी मिळते. श्रेणी मिळवण्याचे याहून जवळचे रस्तेही असल्याची चर्चा होती. फेब्रुवारी २०२५ मध्ये सीबीआयने एका विद्यापीठाच्या मूल्यांकनात लाच घेतल्याच्या आरोपावरून तपासणी समितीतल्या माणसांनाच अटक केली, तेव्हा ती चर्चा वर्तमानपत्रात आली. आरोपांत रोकड, सोनं, मोबाइल आणि लॅपटॉप असा तपशील होता. आमच्याकडे शाल, श्रीफळ आणि अर्धा किलो कंदी पेढे. श्रेणी बी-प्लस. आता तर श्रेणीच काढून फक्त ‘मान्यताप्राप्त’ किंवा ‘मान्यता नाही’ एवढंच सांगायचं, असं नॅकने जानेवारी २०२४ मध्ये जाहीर केलं आणि त्यावर पुन्हा एक ते पाच असे स्तरही ठेवले. श्रेणी गेल्याचा आनंद अशा रीतीने एका वाक्यापुरता टिकला.

संस्थेचं असं, तर माणसाचं वेगळं काय होणार? २०१० मध्ये विद्यापीठ अनुदान आयोगाने प्राध्यापकांसाठी गुणांकन आणलं. बढती हवी तर शोधनिबंध, परिषदा, पुस्तकं, प्रत्येकाला गुण. प्राध्यापकांनी संशोधन करावं, हा हेतूही चांगलाच. पण ज्या समाजाने मुलांसाठी ‘२१ अपेक्षित’ प्रश्नसंच छापले, तो समाज मास्तरांना वाऱ्यावर कसा सोडील? बघता बघता नियतकालिकं उगवली. पैसे भरा, आठ दिवसांत निबंध छापून घ्या. इतिहास, पशुवैद्यक आणि वाणिज्य एकाच अंकात गुण्यागोविंदाने नांदू लागले. आयएसएसएन क्रमांक म्हणजे नुसता नोंदणीचा आकडा, दर्जाशी त्याचा संबंध नाही. पण तो मुखपृष्ठावर देवाच्या नावाच्याही वर छापला जाऊ लागला.

परिषदांचेही गुण ठरलेले होते. राज्यस्तरीयला कमी, राष्ट्रीयला जास्त, आंतरराष्ट्रीयला आणखी जास्त. आमची एक परिषद राष्ट्रीय म्हणून ठरली होती. आदल्या रात्री लक्षात आलं, की संयोजक सरांचे मेहुणे मस्कतला असतात. ते सकाळी ऑनलाइन आले, शुभेच्छा दिल्या, पाठीमागे कुकरची शिट्टी झाली आणि परिषद आंतरराष्ट्रीय झाली. बॅनरवर ‘राष्ट्रीय’च्या आधी चिकटवलेलं ‘आंतर’ थोडं तिरकं बसलं, एवढंच.

आयोगालाही पुढे हे कळलं. मे २०१८ मध्ये त्याने आपल्याच मान्य यादीतून ४,३०५ नियतकालिकं काढून टाकली. म्हणजे आधी ती कुणीतरी घातली होती, हे ओघाने आलंच. मग ‘केअर’ नावाची नवी, शुद्ध यादी आली. आम्ही सगळे त्या यादीत निबंध बसवायला शिकतो न शिकतो तोच २०२५ मध्ये ती यादीही बंद झाली. वाङ्मयचौर्याबाबत २०१८ चे नियम आहेत: १० टक्क्यांपर्यंत साम्य आढळलं तर शिक्षा नाही. तेव्हापासून आमच्या भागातला प्रत्येक प्रबंध ९ टक्क्यांवर येऊन थांबतो. विचारांत इतकी शिस्त पूर्वी नव्हती.

आणि आता २०२० चं धोरण. महाराष्ट्रात ते आधी स्वायत्त महाविद्यालयांत आणि मग २०२४-२५ पासून संलग्न महाविद्यालयांत आलं. विद्यार्थ्याला एकाच शाखेच्या दावणीला बांधायचं नाही, कलेच्या मुलीला विज्ञानही घेता यावं, ही कल्पना मला मनापासून आवडते. अडचण एवढीच, की ती आमच्याकडे पोचेपर्यंत तिचे टोपलीभर तुकडे झाले. मेजर, मायनर, ओई, व्हीएससी, एसईसी, एईसी, व्हीईसी, आयकेएस, सीसी, ओजेटी, सीईपी. प्रवेशाच्या दिवसांत एक शेतकरी मुलीला घेऊन आले.

“सर, पोरगी बी.ए.लाच आहे ना?”

“हो. मेजर इतिहास, मायनर अर्थशास्त्र, ओपन इलेक्टिव्ह दुसऱ्या शाखेतून, म्हणजे रसायनशास्त्राची ओळख. शिवाय एक कौशल्याचा, एक मूल्यांचा, एक भारतीय ज्ञानप्रणालीचा, एक भाषेचा.”

ते बोटांवर मोजत होते. “लई विषय झाले. शिकवायला किती सर?”

“इतिहासाला दोघं. एक मी. एक सीएचबी.”

“आन् बाकीच्यांना?”

“त्यांच्यापैकी काही मीच.”

त्यांनी मुलीकडे पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं. “तुमी रसायन पण शिकवता?”

मी मूल्यं शिकवतो, असं सांगायचा धीर मला झाला नाही.

या धोरणात मधेच उतरण्याची सोय आहे. पहिल्या वर्षानंतर, चार क्रेडिटचा कौशल्याचा अभ्यासक्रम जादा करून उतरलात तर प्रमाणपत्र, दुसऱ्यानंतर पदविका, तिसऱ्यानंतर पदवी, चौथ्या वर्षापर्यंत बसून राहिलात तर ऑनर्स. एसटीच्या विनंती थांब्यांसारखी ही व्यवस्था आहे: हात केलात तर चढता येतं, दोरी ओढलीत तर उतरता येतं. आमच्या कित्येक मुली आधीही पहिल्या वर्षानंतरच उतरत होत्या. लग्न ठरायचं, वडील दाखला न्यायला यायचे. तेव्हा त्याला ‘गळती’ म्हणत आणि प्राचार्यांना खुलासा द्यावा लागे. आता त्याला ‘बहुविध निर्गमन’ म्हणतात. खुलासा लागत नाही. पुन्हा चढण्याचीही सोय आहे आणि क्रेडिट बँकेत जमा राहतात, हे खरं. पण सासरच्या गावाहून परत येणाऱ्या गाडीचं वेळापत्रक धोरणात दिलेलं नाही.

आता सीएचबी सरांबद्दल. क्लॉक अवर बेसिस, म्हणजे घड्याळी तासावर. मंजूर पदावरचा माणूस निवृत्त होतो, पद भरायला परवानगी येत नाही आणि त्या जागी घड्याळ बसवतात. सर जेवढे तास घेतील तेवढ्याचे पैसे. सुट्टीचे नाहीत, परीक्षेच्या काळातले नाहीत, दिवाळीचे तर नाहीतच. आणि मिळतात तेही वर्षअखेरीस, बिलं फिरून आली की. सकाळी ते आमच्याकडे शिकवतात, दुपारी मोटारसायकलवरून शेजारच्या तालुक्यात दुसऱ्या कॉलेजात जातात. दोन्हीकडच्या मुलांना तेच जास्त आवडतात, कारण दोन्हीकडे वर्गात जाणारे तेच असतात.

सरांचा बायोडेटा म्हणजे आयोगाच्या नियमांचं उत्खनन आहे. वरचा थर काढला की खाली दुसरा नियम सापडतो. त्यांनी एम.फिल. केली, पुढे कळलं, नोकरीला नेट-सेट लागतं. सेट झाले, तोवर २०१८ चे नियम आले, की विद्यापीठातल्या सहायक प्राध्यापकपदाला पीएच.डी. अनिवार्य होणार. त्यांनी नाव नोंदवलं. अट २०२१ पासून लागायची होती, ती २०२३ वर गेली आणि २०२३ मध्ये आयोगाने अटच मागे घेतली. एम.फिल. तर नव्या धोरणाने मुळातूनच बंद केली. तोवर सर डॉक्टर झाले होते. चाळिशीही ओलांडली होती. आता त्यांच्याकडे लागणाऱ्या आणि न लागणाऱ्या सगळ्या पदव्या आहेत. फक्त जाहिरात निघायची आहे.

आणि इथेच सगळ्या सुधारणांचं एक नाजूक गणित आहे. ज्या दिवशी सुधारणेचा कार्यक्रम असतो, म्हणजे उद्योजकता जागृती, लिंगभाव संवेदना किंवा नव्या धोरणावर कार्यशाळा, त्या दिवशी तास रद्द होतात. आम्हा पगारी लोकांना फरक पडत नाही. सीएचबी सरांचे त्या दिवसाचे पैसे जातात. म्हणजे उच्च शिक्षणाच्या सुधारणेचा खर्च नेमका कोण उचलतो, याचं उत्तर आमच्यापुरतं तरी मिळालेलं आहे. वर्षाला किमान १८० दिवस शिकवलं पाहिजे, असा आयोगाचा नियम आहे. तो मोडू नये म्हणून आम्ही कार्यक्रमाचे दिवसही शिकवण्याचे म्हणून लिहितो. शिकवणं कमी झालं, पण दिवस कमी झालेले नाहीत.

‘मुलं वर्गात येत नाहीत हो!’ असं स्टाफरूममध्ये रोज कुणीतरी म्हणतं. खरं आहे. ७५ टक्के हजेरीची अट आहे आणि ती भरण्याची कला आमच्या क्लार्कला अवगत आहे. पण मुलं मूर्ख नाहीत. त्यांनी हिशेब केला आहे. प्रश्नपत्रिका जुन्या प्रश्नांवरून निघते, जुने प्रश्न गाईडमध्ये आहेत, गाईडची झेरॉक्स गेटासमोर मिळते. झेरॉक्सवाला सकाळी आठला दुकान उघडतो, सुट्टी घेत नाही, कार्यशाळेला जात नाही, शंका विचारली तर ‘हा परवाच्या वर्षी आला होता, यंदा नाही येणार’ असं छातीठोक सांगतो. आमच्या पंचक्रोशीत विद्यार्थिकेंद्री शिक्षण तेवढंच आहे. शिवाय त्याला कुणी कधी पुरावा मागितलेला नाही, ही त्याची खरी गुणवत्ता.

यावर उपाय काय, असं कुणी मला विचारणार नाही, कारण मी कुठल्याच समितीवर तज्ज्ञ म्हणून नाही, फक्त सदस्य म्हणून आहे. पण विचारलंच तर मी एवढंच म्हणेन, की निवृत्त झालेल्या माणसाच्या जागी घड्याळ न बसवता माणूस बसवा. गाईडात उत्तर सापडणार नाही असा निदान एक प्रश्न प्रत्येक पेपरात घाला आणि तो काढणाऱ्याविरुद्ध मोर्चा आला तर त्याच्या पाठीशी उभे राहा. परिपत्रकावर सही करणाऱ्या प्रत्येक अधिकाऱ्याने आठवड्याला एक तास एफ.वाय.च्या वर्गाला शिकवावं, दुपारी दोनचा, पंखा बंद असलेल्या खोलीत. आणि मग काही वर्षं कुणीही काहीही सुधारू नका. ४८ मिनिटं एक शिक्षक आणि चाळीस मुलं एका खोलीत, दार लोटलेलं, मामांचा फोन बाहेर. हा प्रयोग १८५४ पासून आजवर कुठल्याही आयोगाने सलग वर्षभर करून पाहिलेला नाही.

पण माझ्यापेक्षा नेमकं दुसऱ्या एकीने लिहून ठेवलेलं आहे. दरवर्षी आम्ही विद्यार्थ्यांकडून समाधान सर्वेक्षणाचा फॉर्म भरून घेतो. त्यात शेवटी तीन सूचना लिहायला जागा असते. बहुतेक मुलं तिथे ‘छान’, ‘छान’, ‘छान’ लिहितात. यंदा एस.वाय.च्या एका मुलीने, नाव न लिहिता, स्वच्छ अक्षरात तीन ओळी लिहिल्या होत्या. एक: तास व्हावेत. दोन: खोली क्रमांक ९ मधला पंखा चालू करावा. तीन: हा फॉर्म भरायला तासाच्या वेळी बोलावू नये.

फॉर्म आमच्या अंतर्गत गुणवत्ता कक्षाच्या बैठकीत वाचला गेला. वुडपासून २०२० च्या धोरणाचा मसुदा करणाऱ्या कस्तुरीरंगनपर्यंत सगळ्यांनी मिळून जे सांगितलं त्यातलं फारसं काही सुटलं नव्हतं. पहिल्या सूचनेवर उपसमिती नेमली. तिसरी सूचना पुढच्या सर्वेक्षणात विचारात घ्यायची ठरली. दुसऱ्या सूचनेसाठी ऑफिस सुपरिंटेंडेंट वायरमनला घेऊन स्वतः गेले आणि पंखा त्याच दिवशी सुरू झाला. कृती अहवालात मी लिहिलं: प्राप्त सूचना तीन, अंमलबजावणी एक, प्रमाण ३३ टक्के. एवढं यश कोठारी आयोगालाही मिळालेलं नाही.